लॉन मोवर सुरू होत नाही? आधी हे तपासा

अमेरिकेत घराभोवतीची विस्तीर्ण हिरवळ राखण्यासाठी 'रायडिंग लॉन मोवर' म्हणजेच आसनावर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र वापरले जाते. हिवाळाभर पडून राहिलेले हे यंत्र वसंत ऋतूत अनेकदा सुरूच होत नाही. अशा वेळी दोष पुढील क्रमाने शोधावा.

सुरक्षा स्विच : ब्रेकचे पेडल दाबलेले नसेल किंवा पाते फिरवणारा क्लच जोडलेला असेल, तर बहुतेक यंत्रे सुरू होत नाहीत. काहींत चालक आसनावर असणेही आवश्यक असते. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे.

बॅटरी : १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवल्यावर केवळ 'टक' असा आवाज आल्यास बॅटरी उतरली असावी, जोडण्या गंजल्या असाव्यात किंवा सोलेनॉइड निकामी झाला असावा.

इंधन : इंजिन फिरते पण पेट घेत नसेल, तर जुन्या पेट्रोलचा संशय घ्यावा. तेथील पेट्रोलमध्ये साधारणतः १० टक्के इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. शिवाय साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो. ताजे इंधन भरून स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर तपासावा.

पात्याजवळ हात नेण्यापूर्वी किल्ली काढून स्पार्क प्लगची तार सोडवणे अत्यावश्यक आहे. आसनाखालील स्विचच्या तारा परस्पर जोडून यंत्र सुरू करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चालक खाली पडल्यास पाते थांबते ते याच स्विचमुळे.