माळढोक

माळढोक : ओटिडिडी कुलातील, उघड्या माळरानावर राहणारा मोठा भूचर पक्षी. शास्त्रीय नाव आर्डेओटिस नायग्रिसेप्स. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, कच्छ-सौराष्ट्रात घोराड, तर उत्तर महाराष्ट्रात काही ठिकाणी नराच्या घुमण्यावरून हूम. एकेकाळी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात, आजच्या हिशेबाने अकरा राज्यांत, तो आढळत असे. २०१८ च्या सुमाराच्या अंदाजाप्रमाणे निसर्गात जेमतेम दीडशे पक्षी उरले होते आणि त्यांतले बहुतेक सगळे पश्चिम राजस्थानात जैसलमेरच्या आसपास होते. २०११ पासून जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. त्याच्यापुढची पायरी निसर्गातून नाहीसे होण्याचीच.

उभा राहिला की नर सुमारे एक मीटर उंच भरतो आणि वजन १५ किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात फार थोडे आहेत. मादी बरीच लहान, साधारण निम्म्या वजनाची. पाठ तपकिरी, डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. नराच्या छातीवर काळा आडवा पट्टा असतो, मादीत तो तुटक असतो किंवा नसतोच. पायाला तीनच बोटे असतात आणि तीही पुढे. मागचे बोट नाही. त्यामुळे फांदी पकडून झाडावर बसणे त्याला जमत नाही. झोपणे, चरणे, अंडी घालणे सगळे जमिनीवर. ज्या काळात ‘निसर्ग वाचवा’ याचा अर्थ सरसकट ‘झाडे लावा’ असा घेतला जातो, त्या काळात असा पक्षी अडचणीत येणार हे उघड आहे.

अन्न मिश्र. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, लहान साप. शिवाय बोरे, गवताचे बी, हरभरा, भुईमूग. पावसाच्या पाण्यावरची ज्वारी-बाजरी, मधेमधे पडीक रान आणि गवताचे पट्टे अशा मिश्र मुलखात तो शेतकऱ्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिला. माणसाची वस्ती त्याला मुळातच सोसत नाही ही समजूत खरी नाही. शेतीची पद्धत बदलली तेव्हा त्याचे बिनसले.

विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा. नर ठरलेल्या उंचवट्यावर येऊन गळ्याखालची पिशवी हवेने फुगवतो. ती पांढऱ्या पिसांसह पार गुडघ्यापर्यंत लोंबते. शेपटी पाठीवर उभारून तो घुमतो आणि तो खोल आवाज शांत माळावर अर्ध्या किलोमीटरपर्यंत पोचतो. जोडी अशी जमत नाही. मीलनानंतर नराचा संबंध संपतो. उघड्या जमिनीवरच्या किंचित खोलगट जागी मादी बहुधा एकच अंडे घालते, सुमारे २७ दिवस उबवते आणि पुढे पिलाला कित्येक महिने एकटीच सांभाळते. कोल्हा, मुंगूस, कावळा, मोकाट कुत्रा यांपैकी कुणालाही ते अंडे सापडले की त्या मादीचे वर्ष बहुधा वाया गेले. नर वयात यायला पाच-सहा वर्षे लागतात.

या प्राण्याच्या रक्षणाचा सगळा हिशेब इथून सुरू होतो. ससा किंवा तितर मारले गेले तरी पुढच्या दोन हंगामांत ती तूट भरून निघते. माळढोकाची पैदास इतकी सावकाश आहे की वाढ झालेला एक पक्षी गेला तर त्याची जागा भरायला कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे एरवी किरकोळ वाटणारी वर्षाकाठी दहा-पंधरा पक्ष्यांची मरही त्याला संपवायला पुरते.

जुन्या नोंदींत माळढोक येतो तो मुख्यतः शिकार म्हणूनच. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या मांसाची तारीफ केली आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने एका जिल्ह्यात टिपलेला हा आकडा आज साऱ्या जगात उरलेल्या माळढोकांच्या कितीतरी पट भरतो. त्यावरून दख्खनच्या माळावर हा पक्षी किती असेल याची कल्पना यावी. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आल्या, रात्रीचे प्रखर दिवे आले आणि उरलेसुरले कळप विरळ झाले. १९६९ मध्ये पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजींनी केलेल्या अंदाजात संख्या १,२६० च्या घरात होती. राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अली यांनी माळढोकाचा आग्रह धरला होता. मान मिळाला मोराला. मोराला त्या मानाची गरज नव्हती, एवढे म्हणायला हरकत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत घालून शिकार पूर्ण बंद केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अरबी राजघराण्यातली मंडळी ससाणे घेऊन जैसलमेरला शिकारीला उतरली तेव्हा राजस्थानात मोठा गदारोळ झाला. १९८० मध्ये जयपूरला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला आणि १९८१ मध्ये राजस्थानने गोडावणाला राज्यपक्षी केले. भारतात बंदूक जवळजवळ थांबली. सरहद्दीपलीकडे पाकिस्तानच्या चोलिस्तान भागात ती थांबलेली नाही.

महाराष्ट्रातले माळढोकाचे नाव घ्यायचे ठिकाण म्हणजे सोलापूरजवळचे नान्नज. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या पक्ष्यांकडे वन खात्याचे आणि अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांच्या चमूने नान्नजसह मध्य प्रदेशातील करेरा आणि आंध्रातील रोल्लापाडू येथे या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास केला. नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी ही गावांची नावे त्या काळात पक्षिप्रेमींच्या तोंडी झाली.

अभयारण्याची आखणी मात्र विलक्षण होती. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात घातले गेले. पक्षी राहत होते ते तुकडे याच्या तुलनेत नगण्य. बाकी सगळी गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा. जमिनीचा व्यवहार, बांधकाम, रस्ता, काहीही करायचे तर परवानगीचा फेरा. माळढोक ज्यांनी जन्मात पाहिला नव्हता अशा शेतकऱ्यांनाही त्याच्या नावाने अर्ज करावे लागले. एखाद्या पक्ष्याविषयी लोकांच्या मनात अढी बसवायची याहून खात्रीची रीत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर तीन दशके निघून गेली होती. करेऱ्याचा अनुभव याच जातीचा: अभयारण्य झाले, शेतकरी बिथरले, पक्षी नव्वदच्या दशकातच संपले.

तिकडे कागदावर अभयारण्य होते आणि इकडे माळ बदलत होता. उजनीचे पाणी आले, विंधनविहिरी खोल गेल्या, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. कोरडवाहू ज्वारीवर कुणी आनंदाने राहत नाही. दोष द्यायचा तर महसुली दप्तराला द्यावा. तिथे गवताळ माळ म्हणजे ‘पडीक’, म्हणजे कामाला लावायची जमीन. खुद्द नान्नजच्या संरक्षित रानातही हिरवाईच्या हौसेने गिरिपुष्पाची लागवड झाली. तिने गवत झाकले आणि पुढे वन खात्यालाच ती काढत बसावे लागले. कर्नाटकात राणेबेन्नूरच्या काळविटांच्या माळावर निलगिरी वाढली आणि माळढोक गेला. आज महाराष्ट्रात सोलापूर परिसरात आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे एखाद-दुसरा पक्षी दिसल्याच्या नोंदी होतात, त्याला संख्या म्हणता येत नाही. कच्छमध्ये अबडासा तालुक्यात नलियाजवळ काही माद्या उरल्या; नर नाही.

माळ हा अर्धवट राहिलेले जंगल नव्हे. कमी पाऊस, उथळ माती, चराई यांतून घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर, धाविक, चंडोल हे सगळे तिच्याच आधाराने राहतात, धनगरांची मेंढरेही. गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि कार्बनही जमिनीखाली साठवतात. सर्वांत मोठा, सर्वांत हळू वाढणारा आणि मोठ्या सलग उघड्या जागेशिवाय न टिकणारा पक्षी म्हणून माळढोकाकडे पाहिले की माळाची प्रकृती कळते. तो टिकेल इतका माळ राखला तर त्याच्या पाठोपाठ बाकीचे आपोआप राखले जातात. तणमोरही आज त्याच वाटेवर आहे, आणि त्याची विदर्भातली अखेरची ठिकाणे अकोला-वाशिमच्या माळांवर आहेत.

शिकार थांबली, तरी थरच्या वाळवंटात नवीन संकट आले: विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. खालची जमीन आणि आजूबाजूचा धोका त्याला उत्तम दिसतो, समोरचे मात्र अरुंद पट्ट्यापुरतेच दिसते. उडताना मान किंचित खाली असली की समोरची तार त्याच्या नजरेच्या टप्प्यातच येत नाही, आणि आली तरी एवढ्या वजनाच्या पक्ष्याला ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये वर्षाला सुमारे १८ माळढोक तारांना आपटून मरत असावेत. दीडशेत अठरा. वर दिलेला पैदाशीचा हिशेब इथे लावून पाहावा.

या तारा आहेत सौर आणि पवन ऊर्जेच्या. जैसलमेरसारखे ऊन आणि वारा देशात दुसरीकडे क्वचितच. आणि सरकारी नोंदीत ‘पडीक’ असलेली, प्रत्यक्षात चराईची आणि कित्येक ठिकाणी देवाच्या नावाने राखलेली ओरणे त्याच प्रकल्पांच्या वाटेत. वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान आणि गुजरातमधील सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारा जमिनीखालून नेण्याचे निर्देश दिले. खर्च आणि तांत्रिक अडचणींचा मुद्दा घेऊन केंद्र सरकार न्यायालयात गेले. २१ मार्च २०२४ च्या निकालाने सरसकट बंदी मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क याच निकालात मान्य झाला. एकाच प्रकरणात स्वच्छ ऊर्जा आणि नष्ट होत चाललेला पक्षी समोरासमोर उभे राहिले, हे खरे. पण पेच दाखवला जातो तितका कठीण नाही. पक्ष्यांचे खास क्षेत्र सगळ्या थरच्या मानाने लहान आहे. तेवढ्यापुरत्या तारा जमिनीत घालणे, बाकीच्या ठिकाणी तारांवर चमकत्या चकत्या बसवणे आणि नवे प्रकल्प त्या पट्ट्याबाहेर ढकलणे ही कामे आधीच झाली असती तर वाद इतका चिघळला नसता. चकत्यांनी अपघात कमी होतात, थांबत नाहीत.

निसर्गातली संख्या इतकी घटल्यावर बंदिस्त पैदाशीला पर्याय उरला नाही. २०१९ पासून राजस्थान वन खाते आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी माळावरून अंडी आणून सम येथे यंत्रात उबवायला सुरुवात केली. अबू धाबीच्या हुबारा (याच कुलातील पक्षी) संवर्धन निधीचे तंत्रज्ञ मदतीला होते. माळढोक जातीत बंदिस्त पैदाशीचा अनुभव तोवर कुणालाच नव्हता. पुढे रामदेवरा येथे दुसरे केंद्र झाले. बंदिस्त पक्ष्यांच्या मीलनातून २०२३ मध्ये पहिले पिलू जन्मले, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून. आता दोन्ही केंद्रांत मिळून साठाहून जास्त पक्षी आहेत.

या यशाला मर्यादा आहे. यंत्रात जन्मलेल्या आणि माणसाने भरवून वाढवलेल्या पिलाला कोल्हा आणि कुत्रा ओळखायला कोण शिकवणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून पहिल्या पिढीपेक्षा तिच्या पुढच्या, माणसापासून दूर वाढवलेल्या पिढीवर भिस्त आहे. त्यांना सोडायचे तर कुंपण घातलेले, मोकाट कुत्र्यांपासून मुक्त, तारा नसलेले सलग गवताळ रान हवे. राजस्थानातील मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे असले तरी त्यात वस्त्या आणि शेते आहेत. निर्धोक कुंपणातले तुकडे त्यातला लहान भाग. पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्रात, जिथे तोफा चालतात आणि माणसाला मज्जाव आहे, तिथे माळढोक अजून वीण करतो.

महाराष्ट्रात पुन्हा माळढोक आणण्याची चर्चा अधूनमधून होते. नान्नजला आज उरलेले गवताचे तुकडे पाहता ती चर्चा अजून अवेळी आहे. आधी महसुली नोंदीतून माळाचा ‘पडीक’ हा शेरा जावा, वनीकरणाच्या यादीतून गवताळ रानांना वगळावे, आणि कोरडवाहू ज्वारी-हरभरा पेरणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. ही तिन्ही कामे राज्य सरकारच्या हातची आहेत आणि त्यांसाठी एकही पक्षी आणावा लागत नाही.