टंचाईची वाटणी

दुष्काळाची गोष्ट निघाली की आपल्याकडे ती १९७२ सालापासून सुरू होते. माझ्या वयाच्या माणसांना त्या दुष्काळातली सुकडी आठवते, लाल मिलोच्या भाकरी आठवतात, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा आठवतात. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेने माणसे जगवली, याबद्दल दुमत असू नये. पण दुष्काळात माणूस जगणे निराळे आणि दुष्काळ पडला तरी गावची शेती न मोडणे निराळे. मला आज या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे आणि त्यासाठी बरेच मागे, धुळे जिल्ह्यात जायला हवे.

साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला डोंगरात पांझरा नदी उगम पावते आणि धुळ्यावरून पुढे तापीला मिळते. या नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. काही बंधारे तीन-चारशे वर्षांचे असावेत, असे मानले जाते. बंधाऱ्याने नदीचे पाणी थोडे उचलायचे, पाटाने शेताकडे न्यायचे आणि उरलेले बंधाऱ्यावरून खालच्या गावासाठी वाहू द्यायचे. ही झाली रचना. पण अशी रचना कुठेही करता येते. खरी करामत पुढे आहे.

पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग पाडत. या भागाला म्हणायचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात ज्वारीसारखे हंगामी पीक, आणि चौथा फड पावसाच्या भरवशावर. पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी आहे असे दिसले, की गावाचे पंच बसून ठरवीत, यंदा अमुक फड भिजणार नाही. तो फड कोरडा राहिला की सगळ्यांचेच थोडे थोडे नुकसान होई, कुणा एकाचे घर बसत नसे. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला आणि पाटाच्या शेवटाला असलेला, दोघांनाही तूट सारखी. शिवाय एका फडात एकच पीक असल्याने पाणी सलग फिरे, वाया कमी जाई, राखणही सोपी होई.

यासाठी माणसे नेमलेली असत. पाटाची देखभाल पाटकऱ्याकडे, शेताला पाळीने पाणी देणे बारेकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. आपल्या शेतात आपण पाणी घ्यायचे नाही, हा नियम ऐकायला चमत्कारिक वाटतो. पण पाण्यावरून होणाऱ्या निम्म्या मारामाऱ्या त्याने वाचल्या असतील.

या व्यवस्थेचे मी निव्वळ कौतुक करणार नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. तो राखणीला चाले, वाटणीला नव्हे.

आता याच खोऱ्यात १८८०च्या दशकात एक तरुण इंजिनिअर नोकरीला आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्याचे नळाचे काम त्यांनी केले. हे बंधारे आणि फड त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुढे त्यांची पुण्याकडे बदली झाली, तेव्हा तिथे वेगळाच पेच पडलेला होता. १८७६ ते ७८च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ हटवायला कालवे काढले. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला शेतकरी कालव्याचे पाणी घेई ना. काळ्या जमिनीतल्या ज्वारीला ते नकोच असे. पाणी मागत, ते फक्त दुष्काळाच्या वर्षी, आणि तेव्हा सगळेच मागत. खात्याचा पैसा वसूल होईना. मग बारमाही पाणी पिणाऱ्या उसाला हात दिला गेला. वर ऊस, खाली पाण्याची बोंब, आणि पाणथळ होऊन चोपण पडलेल्या जमिनी, असे चित्र दिसू लागले.

विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी ठरावीक क्षेत्राला, सहा वर्षांच्या कराराने द्यायचे. त्या क्षेत्राच्या एक-तृतीयांशात ऊस, बाकीच्यात फेरपालटाने हंगामी पिके. असे ब्लॉक कालव्यावरच्या अधिकाधिक गावांत वाटून द्यायचे. मला यात फड सरळ दिसतो. फरक एवढाच, की फडाचा निर्णय गावाचे पंच करत आणि ब्लॉकचा निर्णय खाते करी. तेवढ्या एका फरकानेच सारे बिघडले, असे माझे मत आहे. उसाला भाव मिळाला, कारखाने आले, आणि एक-तृतीयांशाची मर्यादा कागदावर राहिली.

पुढचा धागा पुरंदर तालुक्यात सापडतो. पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळात तिथे खडी फोडणारी माणसे पाहिली. ही माणसे शेतकरीच आहेत, मग यांना शेतातच काम का मिळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९७४ मध्ये नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन त्यांनी कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडवले. त्यातून निघाली पाणी पंचायत. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही, ते गटाकडे परत. उसासारखी बारमाही पिके घ्यायची नाहीत. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. आणि पाणी वाटायला गटाने नेमलेला माणूस. त्याचे नाव काय? पाटकरी!

फडात जे राहून गेले होते, ते साळुंखे यांनी भरून काढले. सगळ्या योजना टिकल्या नाहीत. विजेची बिले, गटातली भांडणे, स्वतःची विहीर झालेल्या सभासदाचे मन उडणे, अशी कारणे घडली. पांझरेकाठीही हेच झाले. ज्याच्या विहिरीवर मोटर बसली त्याला पाळीची गरज उरली नाही. २००२ मध्ये साळुंखे गेले. पण तोवर नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळ्या वाटेने तेच केले होते. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि पाऊस मोजून रब्बीचे पीक ठरवायला सुरुवात केली.

सरकारलाही हे पटले, निदान अर्धे पटले. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात टंचाईची झळ नदीखोऱ्यात समन्यायाने वाटून घेण्याचे कलम आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचे वाद याच कलमावर लढले गेले. पंचांनी एक फड कोरडा ठेवावा, तसेच हे, फक्त आता माणसांऐवजी जिल्हे समोरासमोर आले. त्याच कायद्यात टंचाईच्या काळात प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल एवढे पाणी द्यावे, असेही लिहिले आहे. पाण्याचा कोटा मात्र जमिनीच्या क्षेत्रावरूनच ठरतो. नायगावला ज्या भूमिहीनाला वाटा मिळाला होता, त्याचा उल्लेख या तरतुदीत नाही.