राबाचा धूर

फाल्गुन लागला, की आमच्या गुहागरात भाजावळ सुरू होते. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या रचून, वर माती टाकून भाताची जागा भाजायची. तण मरतं, राखेचं खत होतं. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागला, की धूर उतारावरून वाडीत येतो. आई पदर नाकाशी धरून खोकत राहायची.

याच राबावरून ठाणे-कुलाब्यात मोठा वाद पेटला होता. इंग्रजांच्या वनखात्यानं फांद्या तोडण्यावर बंधनं घातली, शेतकऱ्यांनी ओरड केली. १८८५ साली सरकारनं चौकशीसाठी वन आयोग नेमला. वाद झाडांचा आणि भाताचा होता. खोकणाऱ्या बाईचा श्वास त्यात नव्हता.

मृगाचा पाऊस हवा धुऊन काढतो. मग हिरवा तरवा पाहून आम्ही धूर विसरतो. तो भात मीही खाल्लाय. म्हणून राबाला शिव्या देववत नाहीत. पण आईचा खोकलाही कुठंतरी नोंदवायला हवा होता.