पानांचा निःश्वास आणि उष्णतामानाचा हिशेब

देवघरातील कापराच्या डबीत मिऱ्यांचे दोन दाणे टाकून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कापूर न जळताही झिजतो आणि चैत्र-वैशाखात तो अधिक वेगाने झिजतो, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या संवादरूप वनौषधिग्रंथातही कापरावर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु जे कापराचे तेच काही अंशी जिवंत हिरव्या पानाचेही आहे, हे शास्त्रास उमगावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. या ज्ञानाचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि पेडणे व डिचोली या आमच्या दोन तालुक्यांना त्याचे प्रयोजन काय ते दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रेव्हिल विल्यम्स या इंग्रज रसायनज्ञाने १८६० साली रबर तापवून त्यातून एक बाष्पशील द्रव्य वेगळे केले व त्यास ‘आयसोप्रीन’ हे नाव दिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे द्रव्य प्रयोगशाळेचे व कारखान्याचेच मानले गेले. १९५७ साली जॉर्जियातील तिबिलिसी येथील सानाद्झे यांनी दाखवून दिले की, जिवंत पानेच ते हवेत सोडीत असतात. १९६० साली फ्रिट्स वेंट या मूळच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने आणखी एक विचार मांडला. दूरच्या डोंगरांवर जी निळसर झाक दिसते, तीत वनस्पतींनी सोडलेल्या वाफांचाही वाटा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. झाड कर्बवायू घेते व प्राणवायू देते, एवढ्यावरच थांबणाऱ्या आमच्या शालेय पाठात येथे तिसरे कलम आले.

ही वाफ किती, हा प्रश्न मग ओघानेच आला. १९७९–८० च्या सुमारास टिंजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओक व पाइन या वृक्षांवर प्रयोग करून उष्णता आणि प्रकाश यांचे परिणाम मोजले. त्यांत दोन निराळे प्रकार आढळले. पाइनच्या पानांत सुगंधी तेले साठलेली असतात आणि ती कापरासारखी केवळ उष्णतेने उडतात. ओकच्या पानांत आयसोप्रीनचा साठा नसतो. ते उन्हात ताजे तयार होते व तत्क्षणी बाहेर पडते, म्हणून रात्री कितीही उकाडा असला तरी ते निघत नाही.

१९९३ साली अॅलेक्स ग्वेंथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणांस गणिती प्रतिमानाचे रूप दिले. त्यात ३० अंश सेल्सियस हे प्रमाण-उष्णतामान धरले आहे. साठलेल्या तेलांच्या बाबतीत उष्णतामान १० अंशांनी चढले की उत्सर्जन सुमारे अडीचपट होते. आयसोप्रीन ३० वरून ४० अंशांपर्यंत जाताना सुमारे दुप्पट होते, परंतु त्यानंतर ते घडविणारी विकरेच उष्णतेने दुर्बळ होतात व आलेख खाली वळतो. २००६ साली मांडलेल्या सुधारित प्रतिमानात पानाची ‘आठवण’ही जमेस धरली आहे. आजचे उत्सर्जन आजच्याच उन्हावर ठरत नसून मागील चोवीस तासांच्या व दहा दिवसांच्या सरासरी उष्णतामानावरही अवलंबून असते. या हिशेबाने जगातील वनस्पती दरवर्षी सुमारे पन्नास कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. झाड हा खर्च का सोसते? १९९५ साली शार्की व सिंगसास यांनी दाखविले की, आयसोप्रीनमुळे पानास उष्णतेचे आकस्मिक तडाखे सोसता येतात.

मात्र ही गणिते बहुतांशी समशीतोष्ण प्रदेशांतील वृक्षांवरून बांधलेली होती. २००३ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील वार्ष्णेय व सिंग यांनी ४० भारतीय वृक्षजातींचे मापन प्रसिद्ध केले. त्यांत उत्तरेकडील शीशम सर्वांत अग्रभागी ठरला. अमेरिकेत आयसोप्रीन न सोडणारी म्हणून नोंदलेली लिंबू-संत्र्याची झाडे येथे ते सोडताना आढळली. परक्या भूमीचा आकडा आपल्या झाडास जसाच्या तसा लावू नये, हा या मापनाचा धडा आहे.

या ज्ञानाचा दुरुपयोगही झाला. मोटारींपेक्षा झाडेच हवा अधिक बिघडवितात, अशा आशयाचे विधान रोनाल्ड रेगन यांनी १९८१ साली केले. त्यातील अर्धसत्य घातक होते. आयसोप्रीनपासून जमिनीलगत अपायकारक ओझोन तयार होतो खरा, परंतु त्यासाठी इंजिनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे पुरेशी असावी लागतात. १९८८ साली शामायडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटा शहराच्या अभ्यासातून निष्कर्ष काढला की, जेथे झाडांचे उत्सर्जन मोठे आहे तेथे या ऑक्साइडांवरच नियंत्रण घातले पाहिजे.

आमच्या दोन तालुक्यांस हा इतिहास येथे येऊन भिडतो. डिचोलीच्या डोंगरांनी लोहखनिजाच्या खाणी व खनिजाच्या ट्रकांच्या रांगा पाहिल्या. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, आणि २०२४ साली तेथे खाणकाम पुन्हा सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या सड्यावरील विमानतळाची पर्यावरण-परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्थगित केली व २०२० साली अटी घालून मोकळी केली. जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. डिचोलीस लागून असलेल्या दोडामार्गात रबराच्या बागा पसरल्या आहेत. झाडांची जात बदलली की वाफही बदलते. झाडे तुटली की जांभ्याचा उघडा पडलेला दगड तापतो, उरलेल्या झाडांच्या पानांचे उष्णतामान चढते आणि त्यांचा निःश्वास वाढतो. त्यातच धुराची भर पडली तर होणाऱ्या अपायाचे खापर झाडांच्या माथी फोडणे न्याय्य ठरणार नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना आमचे सुचविणे असे : शाळेच्या आवारातील आंबा, काजू, फणस यांच्या सावलीतील व उघड्या सड्यावरील उष्णतामान मुलांकडून वर्षभर दररोज एकाच वेळी नोंदवून घ्यावे. वाफा मोजण्याची यंत्रे विद्यापीठांकडे असतील, पण उष्णतामापक प्रत्येक शाळेस परवडतो. पुढे कोणी आमच्या झाडांचे प्रतिमान बांधावयास बसला, तर पेडणे-डिचोलीच्या सावलीचा व सड्याचा आकडा त्यास आमच्याच वह्यांतून मिळावा.