नियमांच्या पुस्तकातला इतिहास

टेबलावर एखादी ऐतिहासिक लढाई मांडून खेळायची, तर दोन पुस्तके लागतात: एक त्या लढाईच्या इतिहासाचे आणि दुसरे खेळाच्या नियमांचे. इंचभर उंचीचे रंगवलेले सैनिक, मोजपट्टी, फासे हे सगळे त्यानंतरचे. पहिले पुस्तक ज्ञानाचे आणि दुसरे निव्वळ सोयीचे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हा समज तपासून पाहावा, एवढाच या टिपणाचा हेतू. माझ्या मते नियमांचे पुस्तक हेही इतिहासलेखनच असते. इतिहासकार जे विशेषणांनी सांगतो, ते तिथे आकड्यांनी सांगितलेले असते.

या खेळाची वंशावळच त्याची साक्ष देते. प्रशियात राइसविट्स पितापुत्रांनी तो घडवला. पित्याने १८१२ मध्ये आपला खेळ राजापुढे सादर केला. पुत्राने १८२४ मध्ये नकाशावर खेळायची नियमावली प्रसिद्ध केली. तीत गोळीबाराचा परिणाम फासे आणि कोष्टके ठरवत, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच बसे. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवली. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहिले. त्यात खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा खरोखरच उडवायचा असतो. युद्धात काय निर्णायक ठरते, संभाव्यतेचे गणित, जाणत्याचा विवेक की नेम? तिन्ही नियमावल्यांचे उत्तर वेगळे आहे, आणि ते उत्तर म्हणजे युद्धाविषयीचा एक सिद्धान्तच आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे ॲरिस्टॉटल आठवल्यावाचून राहणार नाही. इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल ते सांगते, हा ‘पोएटिक्स’मधला भेद आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. नियमांचे पुस्तक या दोहोंच्या सीमेवर उभे असते. घडलेलेच पुन्हा घडवणारा नियम हा नियम नव्हे, ती नाटकाची संहिता झाली. उलट, जे घडले ते ज्या नियमांतून शंभर डावांत एकदाही घडू शकत नाही, ते नियम इतिहास म्हणून खोटे.

उदाहरणासाठी २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई घेऊ. आजच्या जालना जिल्ह्यात, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याला गाठले. शिंद्यांचे कवायती पायदळ पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होते. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत असता, दोन काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे वेलस्लीने ताडले. तिथून पलीकडे जाऊन शत्रूच्या डाव्या बगलेवर कोसळण्याचा त्याचा बेत होता. परंतु शिंद्यांच्या पलटणींनी आपली सगळी फळी काटकोनात वळवली आणि त्याला तोफांच्या तोंडीच चालून यावे लागले. फळी ओलांडून इंग्रज पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. इंग्रजांचा जय झाला. पण मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून त्यांची सुमारे १६०० माणसे खर्ची पडली.

ही लढाई मांडू पाहणाऱ्याने कोणता इतिहास वाचावा? वेलस्लीचे खलिते गरवुडने १८३४ पासून छापले. त्यांत वेळ, वाट आणि संख्या मिळते, पण एकाच बाजूच्या डोळ्यांनी. सायमन मिलर यांचे २००६ चे ऑस्प्रेचे पुस्तक सचित्र आहे. नकाशा आणि सैन्याची मांडणी यांसाठी असा ग्रंथ हाताशी हवाच. परंतु ‘काय झाले’ याच्या पलीकडे ‘का झाले’ असे विचारायचे, तर सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा १९२८ चा ग्रंथ आणि रँडॉल्फ कूपर यांचा इंग्रज-मराठा मोहिमांवरचा २००३ चा ग्रंथ उघडावा लागतो. कूपर यांच्या मते मराठ्यांचे पायदळ आणि तोफखाना मुळीच मागासलेले नव्हते. कंपनीची सरशी झाली ती पैसा, पत आणि लष्करी चाकरीचा बाजार यांवरच्या पकडीमुळे. शिंद्यांच्या पदरचे अनेक युरोपीय अधिकारी लढाईआधीच फोडण्यात आले होते.

आता नियमांचे पुस्तक उघडू. ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ हे फिल बार्कर यांच्या नावाशी जोडलेले १९९० चे पुस्तक सुटसुटीत आहे, दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या पुरतात. पण त्याची कालमर्यादा प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांपुरती, तेव्हा ते इथे निरुपयोगी. २००९ चे ‘ब्लॅक पावडर’ अठराव्या-एकोणिसाव्या शतकांसाठी आहे. त्यात सेनापतीला एक आकडी दर्जा असतो. हुकूम आधी उच्चारायचा आणि मग दोन फासे टाकायचे. बेरीज दर्जाहून जास्त आली, तर तुकडी जागची हलत नाही. हुकूम आणि अंमल यांच्यामधली दरी या एका नियमाने टेबलावर येते.

खरा प्रश्न इथून सुरू होतो. पोलमानला दर्जा किती द्यायचा? एतद्देशीय फौजा म्हणजे बेशिस्त गर्दी, ही वासाहतिक लेखनातली प्रतिमा मनात असेल, तर आपण पलटणींचे मनोधैर्यच कमी लिहू. डाव चटकन संपेल, इंग्रज जिंकतील; परंतु ती १६०० माणसे कशाने पडली, याचा उलगडा होणार नाही. कूपर यांना प्रमाण मानले, तर पलटणी तुल्यबळ धरून उणेपणा वरच्या हुकमतीत दाखवावा लागेल. पण हुकमत अगदीच दुबळी धरली, तर रणांगणात फळी काटकोनात वळवण्याची ती अवघड हालचाल टेबलावर कधी घडणारच नाही. म्हणजे शिस्त पलटणीत आहे, आरंभी हुकमतही आहे, आणि मोड होते ती नंतर, असे काहीतरी मानावे लागते. पूर्वग्रहाला विशेषणात लपता येते. आकड्यात लपता येत नाही, कारण दर डावाला तो जाब देतो.

म्हणून निवडीचे माझे निकष साधे आहेत. इतिहास आधी वाचावा, आणि एकमेकांशी न पटणारे निदान दोन. नियमांचे पुस्तक घेताना त्यातला खेळाडू कोणाच्या जागी बसतो ते पाहावे. सेनापतीच्या जागी बसून एकेका शिपायाचा नेम धरायला लावणारे नियम आपल्याला सेनापती होऊच देत नाहीत. आपण अमुक नियम का केला, हे लेखक सांगतो की नाही, तेही पाहावे. कारण न देणारा नियमकर्ता हा आधार न देणाऱ्या बखरकारासारखाच.

शेवटी एक मर्यादा मान्य केली पाहिजे. फोडलेले अधिकारी, सावकारांची पत, बैलांच्या तांड्यांची रसद यांना टेबलावर जागा नाही. सैन्ये समोरासमोर उभी करून जो खेळ सुरू होतो, त्याचा निम्मा निकाल आधीच लागलेला असतो, आणि हे सांगायला पुन्हा पहिल्याच पुस्तकाकडे जावे लागते. मात्र त्या मेल्याचे सोंग घेतलेल्या गोलंदाजाला आपल्या नियमात जागा ठेवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. जागा ठेवली नाही, तर इंग्रजांच्या पाठीमागे तो पडून राहील, आणि कोणत्याच डावात उठणार नाही.