मुलांचा ताबा आणि राज्याची वेस

घटस्फोटानंतर मुलांचा ताबा आईकडे आला आणि पुढे पोटापाण्यासाठी तिला दुसऱ्या राज्यात जावे लागले, तर मुलांना बरोबर नेण्याचा तिला हक्क आहे काय? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु त्यामागे जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे.

आरंभ इंग्लंडपासून करू. नाटककार शेरिडन यांची नात कॅरोलाइन नॉर्टन ही नावाजलेली लेखिका. १८३६ साली तिच्या नवऱ्याने तिच्यावर आळ घेऊन खुद्द पंतप्रधान मेलबर्न यांच्यावर दावा लावला. दावा फेटाळला गेला. पण मुले बापाची, असाच तेव्हाचा कायदा. त्याने तिन्ही मुलगे स्कॉटलंडला धाडले. कॅरोलाइनने लेखणी झिजवली, टॅलफर्ड यांनी पार्लमेंटात विधेयक आणले आणि १८३९ साली सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची वाट आईला मोकळी झाली. पण हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता! १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडून वारला. कायदा वेशीपाशी थांबला, म्हणजे काय होते ते या आईने भोगले.

अमेरिकेत तर वेशीच वेशी. ताब्याचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलता येतो. म्हणून एका राज्याचा हुकूम आपल्यावर कायमचा बंधनकारक आहे, असे दुसरे राज्य मानीत नसे. मग हरलेला पक्ष मुले उचलून शेजारच्या राज्यात जाई व तेथे नवा कज्जा मांडी. यावर १९६८ साली नमुना कायदा तयार झाला; तो पुढे सर्व राज्यांनी स्वीकारला. १९८० साली मध्यवर्ती कायदा आला. १९९७ च्या सुधारित नमुन्याने मूल सलग सहा महिने जेथे राहिले, त्या राज्याच्या न्यायालयाला अग्रमान दिला. पळवाट बुजली.

तरी सरळ मार्गाने परवानगी मागणाऱ्या आईचे काय? न्यू जर्सीत १९७६ साली न्यायालय म्हणाले की, जिच्याजवळ मुले राहतात तिचे भले झाले तर मुलांचेही होते. बापाच्या भेटी लांब सुट्ट्यांत भरून काढता येतील. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कल सोडला आणि मुलाचे हित हीच कसोटी ठरविली.

आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे २६ वे कलम आहे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला, काही ठरावीक कारणे सोडल्यास, परवानगीवाचून मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही.

नोकरी थांबत नाही आणि न्यायालय घाई करीत नाही. या कात्रीत आई सापडते, हे खरे. तरीही आम्हांस वाटते की, परवानगीची ही अट टिकावी. मात्र निकाल लवकर लागावा. कारण आईबापांच्या भांडणात मुलाची बाजू त्रयस्थाने ऐकावी, अशी सोय या अटीमुळेच होते. एके काळी राज्याची वेस ही मूल लपविण्याची जागा होती; आज ती मुलाविषयी विचारण्याची जागा झाली आहे.