वैरागची पेठ आणि लोहमार्ग

सोलापुरास १८६० मध्ये लोहमार्ग पोहोचला; १८७७ मध्ये तेथे कापडगिरणी सुरू झाली. बार्शीस १८९७ मध्ये काल्थ्रॉप यांच्या योजनेने अडीच फुटी रूळ आले. वैराग मात्र या दोन शहरांमधील सडकेवरच राहिले. यावरून लोहमार्ग हेच उत्कर्षाचे कारण ठरविणे घाईचे होईल. कुर्डुवाडी तर जंक्शन होते, रेल्वेचा कारखानाही तेथेच. तथापि बार्शीच्या तोडीची पेठ तेथे वसली नाही. बालाघाटावरील कापूस बार्शीत उतरे, तो रुळांच्या आधीपासून. रूळ त्या व्यापारामागून आले. वैरागची हानी निराळी आहे. १९११ मध्ये ही गाडी निजामी मुलखातील लातूरपर्यंत गेली, तेव्हा बार्शीचा पल्ला वाढला. शेजारच्या वैरागचा बाजार बैलगाडीच्या टप्प्यातच राहिला.